ढब्बूची मालीश

प्रिय चंद्रिका,

फोनवर मी तोंड उघडलं की तुला मीटिंग लागते, म्हणून कागदावर लिहितेय. कागदाला मीटिंग नसते. बाळंतपण पुण्यातच करायचं, पगारी बाई लावायची, हे तुझं ठरलंय. त्यावर मी, तुझी आई असून, एक अक्षर लिहिणार नाही. मला लिहायचंय ते तुझ्या कुत्र्याबद्दल.

लग्नात तुझी सगळी पाठवणी झाली, हा एवढा एकच नग माहेरी राहिला. सिद्धेश्वराच्या यात्रेतलं शोभेचं दारूकाम झाल्यापासून ढब्बू पलंगाखालून निघेना. कुकरची शिट्टी झाली तरी थरथरायचा. डॉक्टर म्हणाले, हलक्या हातानं अंग चोळा, शांत होईल. तू लगेच व्हिडिओ धाडलास. त्यात मागे पाण्याची खळखळ, आणि कुत्रं समाधी लागल्यासारखं. आमच्याकडे मागे अप्पांचं क्रिकेट आणि गल्लीत भंगारवाला. शिवाय व्हिडिओतली ती बाई मानेवरून नुसती दोन बोटं फिरवते. तेवढ्यानं भाकरीचं पीठसुद्धा मळून होत नाही.

मग मी आपल्या पद्धतीनं घेतला. करडईचं तेल कोमट केलं, पाय पसरून बसले, त्याला नडग्यांवर पालथा घातला आणि तू तान्ही असताना तुला चोळायचे तसा मानेपासून शेपटीपर्यंत चोळला. उताणा करून पुढचा उजवा पाय मागच्या डाव्याला लावला, मग उलटं. अप्पा क्रिकेट सोडून बघत बसले. म्हणाले, "आता टाळू तेवढी भर की." धुरीही द्यायची होती, पण ढब्बू घोरायला लागला होता.

उठल्यावर त्यानं अंगावरचं सगळं तेल चाटून साफ केलं. पुढचं सांगत नाही. तुझ्या रुखवतातली उरलेली चादर तीनदा धुतली, एवढंच समज. डॉक्टर माझ्यावरच उखडले, तेल कुणी लावायला सांगितलं म्हणून. म्हटलं, डॉक्टर, कोरड्या हातानं आमच्याकडे कुणालाच चोळत नाहीत.

आता चोळते कोरड्याच हातानं. पण साहेबांना चटक लागलीय. दिवेलागणीला स्वतःच येऊन माझ्या पायांवर आडवे होतात. उठवलं तर असं बघतात, जणू मीच पगारी बाई. तव्यावरची भाकरी करपते. अप्पा म्हणतात, माझीही पाठ धरलीय, पण मला कुणी विचारत न्हाय. पलंगाखाली मात्र तो आता जात नाही. काल बाहेर वरातीचे फटाके वाजले, त्यानं एक कान हलवला आणि परत झोपला.

तू म्हणालीस, "अव्वा, तुझं मनगट मोडलेलं, तुला बाळ झेपायचं नाही." दुखत नाही असं मी म्हणत नाही. पण भाकऱ्या थापतानाही ते दुखतंच, तेव्हा कुणी बाई लावत नाही. ढब्बू सव्वीस किलोचा आहे, चंद्री. तो झेपतोय. तुझं तीन किलोचं काय घेऊन बसलीस? तेल मी घाण्यावरून आणून ठेवलंय, ते काही कुत्र्यासाठी नव्हतं. आठवा महिना लागायच्या आत ये, आणि जावयाला, विरेशला, गाडी हळू चालवायला सांग. ढब्बूला बजावलंय, पायांवरची जागा लवकरच सोडायची आहे. तो ऐकेल. तू तुझं बघ.

तुझीच, आणि सध्या ढब्बूचीही,
अव्वा