सानियाची गिरणी

१२ जून २००६

सानियाचं डोकं फिरलंय! नोकरीच्या जाहिरातींची जी वेबसाइट ती बनवतेय, तिच्यावर लोक नाव नोंदवणार, पासवर्ड टाकणार — आणि तो मला, इंटरनेट कॅफेच्या मालकाला, दिसणार नाही म्हणे! आजवर सगळ्या गिऱ्हाइकांचे ईमेलचे पासवर्ड मी वहीत लिहिले. लोक विसरतात, मी सांगतो. शेजारी घराची किल्ली ठेवावी तसं. "दादा, नव्या लोकांचं वहीत लिहायचं न्हाई." कामाला लागून पंधरा दिवस झालेत, आणि हुकूम बघा!

१५ जून

आज समजून घेतलं. आलेला पासवर्ड ती दळते. पिठाचे पुन्हा तांदूळ होत नाहीत. साठवायचं ते पीठच. माणूस परत आला की त्यानं टाकलेला शब्दही तसाच दळायचा, दोन पिठं ताडून पाहायची. जुळली तर आत. वर प्रत्येकाच्या दळणात वेगळं मीठ — खरंच मीठच म्हणतात! दोघांचा शब्द एक निघाला तरी पीठ वेगळं.

मी माझा पासवर्ड टाकून पाहिला. आत नुसती अगम्य अक्षरांची रांग. अर्धा तास बघत बसलो. काय डोकं आहे पोरीचं!

१६ जून

दिवसभर वीज नाही.

२१ जून

आंबवड्याचे मानसिंगराव आले. त्यांच्या शिवानीनं साइटवर नाव नोंदवलंय.

"कुमार, पोरीचा पासवर्ड दे. सगळीकडं एकच ठेवती ती. पुण्याच्या दवाखान्यातनं नर्सच्या नोकरीचा ईमेल येनार हाय म्हनं. त्यो मला पुसायचाय. यंदा तिचं लगीन करायचंय."

खरं लिहितो — वहीत असता तर दिला असता. मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

सानियानं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "बघा काका. मलाबी वाचता येत न्हाई."

"मग नवा टाक की!"

"नव्यानं तिचा ईमेल उघडायचा न्हाई. आन् हितला जुना बंद पडला की शिवानीला लगेच कळंल."

चहा न घेताच गेले. पोरीनं आवाज चढवला नाही, खोटं बोलली नाही. मला तिचा फार अभिमान वाटला.

३ जुलै

शिवानी पेढे घेऊन आली. दवाखान्यात लागली! वडील अजून बोलत नाहीत, पण आईनं स्वतः एसटीत बसवून दिलं म्हणे. पहिला पेढा मी सानियाला दिला.

४ जुलै

"एवढं चिवट राहायला कुणी शिकवलं गं?" सहज विचारलं.

"तुमीच, दादा."

पाच वर्षांपूर्वी तिचा भाऊ खालिद आला होता. मी वहीतून तिचा पासवर्ड त्याला दिला. पुण्याच्या कॉलेजचं बोलावणं त्यानं पुसून टाकलं. दोन वर्षं ती घरी बसली. हे सगळं तिनं न रागावता सांगितलं. मी जुनी वही काढली. तिचं नाव आहे, अक्षर माझंच. मला तो दिवस आठवतही नाही!

"मग माझ्याच दुकानात का आलीस?"

"वही हितंच होती ना."