माझ्या गाण्यात लोकांचा आवाज

४ मार्च
कालचा रविवार दुपारचा माझा जुन्या गाण्यांचा शो झकास. हॉल भरलेला. खंत एकच: लोक माझ्याबरोबर गातात. पहिल्या ओळीपासून! आठवडाभर चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना खालची ओळ वाचा म्हणून विनवतो, तर ओठ हलत नाहीत. इथे न सांगता अख्खी गाणी पाठ.
निश्चय: लोकांना ऐकायला शिकवायचं.

६ मार्च, सकाळी ७
लोक का गातात यावर खोल विचार केला. कारण उघड आहे. माझा आवाज ऐकून त्यांना राहवत नाही. बायकोला सांगितलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, तसंही असेल.
त्यातला ‘ही’ खटकला.

११ मार्च
युक्ती केली. पट्टी दोन सुरांनी चढवली, म्हणजे लोकांना झेपणार नाही. कीबोर्डवर माझा मेहुणा असतो. म्हणाला, दाजी, तुम्हाला झेपेल ना? मी नुसता हसलो.
अंतऱ्यातला वरचा सूर मी सोडला. मुद्दाम. लोकांनी तो झेलला, दीडशे जणांनी एकदम. पहिल्या रांगेतल्या आजींनी माझ्याकडे बघून मान डोलावली, बाळानं घास गिळल्यावर डोलावतात तशी.

१८ मार्च
काल स्वतःची रचना गायली. सात मिनिटांची. कुणालाच येत नसल्यामुळे संपूर्ण शांतता. विजय! तिसऱ्या मिनिटाला निम्मा हॉल कॉफीच्या रांगेत. हॉलचा मॅनेजर म्हणाला, इतकी कॉफी कधीच खपली नव्हती.

२० मार्च
पहिल्या रांगेतल्या आजी दुकानात आल्या. डोळे तपासता तपासता विचारून टाकलं, तुम्ही का गाता हो? म्हणाल्या, घरी एकटी असते. गायले की शेजारी दार वाजवून विचारतात, बऱ्या आहात ना? तुमच्या हॉलमध्ये कुणी विचारत नाही. बाजूचा अनोळखी माणूसही त्याच शब्दाला तोंड उघडतो, बरं वाटतं.
म्हटलं, आणि माझं गाणं?
म्हणाल्या, तुम्ही गाता होय? मला वाटायचं, तुम्ही नुसती सुरुवात करून देता.
आजींचा नंबर वाढलाय. कानही तपासायला हवेत.

२५ मार्च
काल घसा पार बसलेला. कुणाला बोललो नाही. तीन गाणी नुसते ओठ हलवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. टाळ्या मात्र नेहमीपेक्षा जास्त. हे कसं, ते तपासावं लागेल.
बायको बऱ्याच महिन्यांनी आली होती. मागे भिंतीशी उभी राहून, डोळे मिटून गात होती. घरी कधी गात नाही. परतताना घोगऱ्या आवाजात विचारलं, घरी का नाही गात? म्हणाली, घरी तुझं चालू असतं ना.
घरी येऊन मिठाच्या गुळण्या केल्या.

१ एप्रिल
मॅनेजरचा फोन. पुढच्या रविवारपासून फक्त वाद्यं, आणि पडद्यावर गाण्याचे शब्द. गातील लोकच. ओळी पुढे सरकवायचं बटण माझ्याकडे. तारीख बघून आधी हसलो. तो हसला नाही.
तसं जबाबदारीचं काम आहे.

८ एप्रिल
काल दुसऱ्याच गाण्यात बटण दाबायचं राहून गेलं, कारण मीही गायला लागलो होतो. पडद्यावर पहिलंच कडवं, हॉल तिसऱ्यावर. कुणाचं काही अडलं नाही. बायकोशेजारची खुर्ची रिकामी होती. जाऊन बसलो. शेवटपर्यंत गायलो.
परतताना ती म्हणाली, आज छान गायलास.
विचारलं, कशावरून?
म्हणाली, तुझा आवाज वेगळा ऐकूच आला नाही.