निळ्या झाकणाची बरणी

अहो,

तुम्हाला कागदावर कधी हाक मारली नव्हती. समोर होतात, गरजच पडली नाही. आज लिहितेय, कारण तुमची समीना, तुमच्या हाताखाली पीएचडी करतेय ती, दुपारी येऊन गेली आणि मी तिच्याशी धडधडीत खोटं बोलले. हे दुसऱ्या कुणाला सांगू?

नांदेडहून एसटीनं आली होती बिचारी. चहाही घेतला नाही. "काकू, सरांच्या खोलीत निळ्या झाकणाची बरणी असंल बघा. पांढरी भुकटी हाय तिच्यात." मी पदराला हात पुसत म्हणाले, "मला तर न्हाई दिसली बाई."

बरणी मोरीत पालथी पडली होती. रिकामी.

तुमच्या तेराव्यासाठी तांब्याचे हंडे, घागरी काढल्या होत्या. तुमची भुकटी चिंचेच्या कोळात कालवली आणि त्यानं सगळी भांडी घासली. तुमची वहिनी म्हणाली, "काय लावलंस गं, लई चमकून राहिलेत!" आणि मला चक्क बरं वाटलं.

चुकून नाही हो घासलं. तुमची बरणी मला ओळखू येत नव्हती होय? राग होता. दवाखान्यात माझा हात हातात धरून शेवटचं विचारलंत काय, तर "समीना नमुना घेऊन गेली का?" मी कशी राहीन, हे एकदाही विचारावंसं वाटलं नाही तुम्हाला?

हिमायतनगरला नोकरी लागली तेव्हापासून ती ओढ्याकाठची माती आपल्या मागे लागली. लातूरला बिऱ्हाड आणलं, तर भांड्यांच्या आधी गोण्या उतरल्या! भिजवायची, गाळायची, कॉलेजच्या भट्टीत भाजायची, कॉस्टिक सोड्यात शिजवायची आणि मग धूत बसायचं. नळाला आठवड्यानं पाणी, आणि माणूस माती धुतोय! मी किती बोलायची तुम्हाला.

एकदा मात्र त्या मातीची झालेली पांढरी भुकटी तळहातावर घेऊन मला समोर बसवलंत. "अगं, ह्याला झिओलाइट म्हणतेत. कणाकणात बारीक बारीक खोल्या हायत. करंजीच्या तेलाचं डिझेल करायला हे हातभार लावतं, अन् सोता तसंच राहतं. बाजारात असला उत्प्रेरक लई महाग. आपली माती फुकटची हाय!" मी म्हणाले, "फुकटचं तेवढंच आवडतं तुम्हाला." किती कोत्या मनाची मी! तुम्ही उठलात आणि पुन्हा माती धुवायला बसलात.

आज समीनानं तुमची खोली पालथी घातली. ओढणी सावरत कपाटाखाली हात घालून पाहिला. मी दारात उभी राहून नुसती बघत होते. त्याच बरणीतला नमुना अजून एकदा वापरून दाखवायचा राहिलाय म्हणे, तेवढ्यावर तिचा प्रबंध अडलाय. नवी माती भाजली तरी तिची भुकटी अगदी हीच निघेल, असं म्हणता येत नाही.

जाताना तिनंच माझा हात धरला. "काकू, तुमी टेन्शन नका घेऊ. गल्ती माझीच हाय. सर असतानाच न्यायला पायजे होती. सोमवारी विद्यापीठात नव्या गाईड मॅडमला सांगते, माझ्याकडूनच हरवली म्हणून."

आणि मी आपलं पाप त्या पोरीच्या माथी मारलं, आणि वर धपाट्यांचा डबा देऊन तिला रिक्षात बसवलं. लाज वाटते हो. तुमच्या फोटोकडे बघवत नाही.

उद्या सकाळच्या गाडीनं नांदेडला जातेय. फोनवर नाही, समोर बसून सांगणार. तिच्यासोबत त्या मॅडमकडेही जाईन आणि म्हणेन, बरणी हरवली नाही, मी संपवली, आणि जाणूनबुजून संपवली. पुढं त्या काय म्हणतील ते म्हणोत.

इतकी वर्षं मी टोचून बोलले आणि तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. का हो? एकदा तरी ओरडायचं होतंत! समीना ओरडली तर मान खाली घालून ऐकेन. तुमच्या वाट्याचंही ऐकेन, हा शब्द देते.

तुमचीच,
कुसुम