पायलचा होकार

बुधवार, ११ जून

फलटणला जाऊन आले.

मार्ता आणि पाओलो पायलला दत्तक घ्यायला इटलीहून आलेत. पाच वर्षांची होईपर्यंत ती ज्या बालगृहात वाढली, ते त्यांना बघायचं होतं. दुभाषी मीच – पायल आता राहते त्या आमच्या सांगलीच्या संस्थेत समुपदेशकही मीच आणि इंग्रजी बोलणारीही मीच!

पायल गाडीतून उतरली ती थेट बनुबाईंच्या कमरेला बिलगली. तिला या मावशींनीच लहानाची मोठी केलं. मार्ताने तिच्या जुन्या कॉटचे, नळाचे, खिडकीचे फोटो काढले.

निघताना बनुबाईंनी पायलला पाटावर बसवून ओटी भरली. खण, तांदूळ, खोबऱ्याची वाटी. इथून दत्तक जाणाऱ्या प्रत्येक मुलीची भरतात म्हणे. मग म्हणाल्या, "रडायचं न्हाई. लेकी जात्यातच. पंचमीला मुऱ्हाळी येतोय न्यायला."

"कोन येनार?"

"नानासो."

फाटकावरचे नानासो म्हणाले, "आवं, मी शिरवळच्या पुढं कवा गेलो न्हाई, आन् मला इमानात बसिवता व्हय?" सगळे हसले. पायल सगळ्यांत जास्त.

मार्ताने विचारलं, काय चाललंय? मी म्हटलं, आशीर्वाद देताहेत.

नंतर बनुबाईंना बाजूला घेतलं. त्या खोटं बोलत नव्हत्या – त्यांचा तसाच समज आहे. आधी पुण्याला दत्तक गेलेल्या दोन मुली नागपंचमीला माहेरी यावं तशा राहून गेल्या होत्या. इटली तर काय, विमानानं एका दिवसाची वाट! संक्रांतीला बनुबाई तिळगूळ घेऊन सांगलीला आल्या होत्या, तेव्हाही पायलला हेच सांगितलं होतं.

संक्रांतीला. आणि मी पायलची संमती घेतली मार्चमध्ये.

गुरुवार, १२ जून

फाइल काढून बघितली. माझंच अक्षर – 'मूल आनंदाने होकार देते.' मी विचारलं होतं, त्यांच्याकडे राहायला जाशील? ती लगेच व्हय म्हणाली. गेल्यावर काय होईल असं तुला वाटतं, हे मी विचारलंच नाही. इतक्या पटकन होकार मिळाला याचंच मला बरं वाटलं होतं!

अधीक्षक राजनंदिनी मॅडमशी बोलले. त्यांचं म्हणणं, मुलं काहीतरी समजूत करून घेऊनच जातात आणि दोन महिन्यांत विसरतात. सोमवारी दत्तकाचा अर्ज कलेक्टर कचेरीत जायचाय, आता ढवळाढवळ नको. वर म्हणाल्या, "सात वर्षांच्या मुलीला पुन्हा कोण विचारणार आहे? तुम्ही?"

खरं आहे. दोन वर्षांत इथल्या एकाही कुटुंबाने तिला विचारलेलं नाही. हे मी तिच्यासाठी करतेय की माझा अहवाल चोख राहावा म्हणून?

शुक्रवार, १३ जून

काही केलं नाही. पायल सगळ्यांना ओटीतला खण दाखवत फिरतेय.

शनिवार, १४ जून

त्या दोघांना सांगितलं. ओटी, मुऱ्हाळी, पंचमी, सगळं. आशीर्वाद म्हटलं ते अर्धवट होतं, हेही. मॅडम समोरच बसल्या होत्या.

पाओलोने मोबाइलवर विमानाची तिकिटं बघितली. मग म्हणाला, दरवर्षी जमणार नाही. तीन-चार वर्षांनी एकदा आणू, तेही नक्की सांगत नाही. मला वाटलं, मार्ता म्हणेल, मुलीला आत्ता हो म्हणून टाका. तिनं तसं म्हटलं नाही. सोमवारी आमच्यासमोर तिला हे जसंच्या तसं सांगा, म्हणाली. मूल मिळावं म्हणून चार वर्षं थांबलीय ही बाई.

रविवार, १५ जून

आज पायलला सोप्या शब्दांत कसं सांगायचं ते तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा तिनं हो म्हणावं असंच लिहिलं गेलं. फाडून टाकलं.

सोमवार, १६ जून

सकाळी दहाला सांगितलं. पायलने नीट ऐकून घेतलं. "ह्या पंचमीला न्हाई? फुडच्याबी न्हाई?"

नाही, म्हटलं.

"मग न्हाई जात मी. त्यास्नी राग यील का?"

अर्ज गेला नाही. तिची दोन्ही वाक्यं मी मार्ता-पाओलोला इंग्रजीत सांगितली.