काकूंच्या नावाचा दगड

ता. ३ जाने. १९७४
काकांनी आज तो दगड दिला. लिहायच्या पाटीचा असतो तसला, दोन हात लांब, बोटभर जाड. वीस वर्षे पलंगाखाली जपलेला. म्हणाले, "तुह्या काकूचं नाव, अन् भवताल जाईचा वेल. वर्षश्राद्धाले तुळशीमागच्या भिंतीत बसवू. माहे डोळे गेले, नाहीतर तुले हात लावू दिला नसता." त्यांचे डोळे गेल्यापासून सदर भागातल्या त्यांच्या दुकानात दगड कोरणारा मी एकटाच. तरी भीती वाटते. असा दगड आता मिळत नाही.

ता. ४
कोरण्याआधी बोटाच्या पेराने दगड वाजवायचा, ही काकांची पहिली शिकवण. खणखणीत तर पक्का. बद्द तर आतून पापुद्रा सुटलेला. वाजवला. उजवा खालचा कोपरा बद्द. खाली पोते होते, त्याने आवाज खाल्ला असे मनाशी म्हटले. उचलून, हवेत धरून पुन्हा वाजवायला हवा होता. उचलला नाही. बद्दच निघाला असता, तर काकांना सांगावे लागले असते.

ता. ९
नाव झाले. दोरा लावून, तीनदा मापून. वेल खाली उतरतो आहे. काकांची मुलगी सुमनताई डबा घेऊन आली. "काहून गा, दगडासंग लगन लावून राहिला का? जेव पहिले."
"ताई, एकच पान राहिलं."
"कालबी एकच राहिलं होतं."
ती हसली, मला हसता आले नाही. उद्यापासून तो कोपरा.

ता. ११
गेला. दुपारी शेवटची कळी कोरत होतो. छिन्नी हलकी धरली होती, तरी रुपयाएवढा पापुद्रा कळीसकट उचलला. पोत्यावर पडला. आवाजही झाला नाही. काकांना काय...

ता. १२
लाखेत काजळी कालवून खड्डा भरला. त्यावर कळी पुन्हा कोरली. जवसाचे तेल फिरवले. ताई म्हणाली, "काय सुंदर केलं गा!" डोळ्यांना कळत नाही. पण काका बोटांनी पाहणार. दगड गार लागतो, लाख लागत नाही. त्यात हे थंडीचे दिवस.
सातवीत शाळा सुटली तेव्हा काकांशिवाय मला कोणी दारात उभे केले नव्हते.

ता. १४
सांगायचे ठरवून प्रतापनगरला त्यांच्या घरी गेलो. काका उन्हात बसलेले.
"झाला का गा?"
"होत आला."
सायकल घेऊन परत. माझ्या हाताला काही अर्थ उरलेला नाही.

ता. १६
वर्षश्राद्ध उद्या. दगड प्रतापनगरला नेला. काकांनी मांडीवर घेतला. नावावरून बोट फिरवले, मग वेलावरून, पानापानावरून. कोपऱ्यात थांबले. बराच वेळ. मी म्हटले, "काका..."
"उचल. हवेत धर."
धरला. पेराने वरून वाजवत आले. खणखण, खणखण. उजव्या कोपऱ्याशी आले आणि हात मांडीवर ठेवला. तेवढा वाजवला नाही.
"गवंड्याले सकाळी बोलाव," एवढेच बोलले. तोंड तुळशीकडे.
मी तसाच निघून आलो.
दगड त्यांच्या ओसरीत, भिंतीला टेकून आहे. गवंड्याला सांगितले, आठला येणार. भिंतीत बसण्याआधी सांगायचे, तर सातला मी तिथे असायला हवे.