डब्यावरचं नाव

नेवासा, गुरुवार, संध्याकाळ

ओवीचा हरवलेला डबा आज सापडला. शाळेच्या मावशींनीच दाखवला. "सोमवारपास्नं पडलाय हितं, ताई. बाईंनी वरचं नाव वाचून इचारलं, पन कुनीच माझा म्हनलं न्हाई."

वरचं नाव ओवीच्या बाबाचं. लग्नातल्या सगळ्याच भांड्यांवर ते घातलेलं आहे. घटस्फोट झाला, पुणं सुटलं, भांडी तशीच आणली. शाळेत ओवीपुढे माझं नाव लावलंय, त्यामुळे बाईंना तरी कसं कळणार?

पण ओवीला कळलं होतं. येताना भर रस्त्यात तिच्यावर ओरडले. तीन दिवस पोळी-भाजी कागदात गुंडाळून नेलीस, आणि डबा समोर असताना गप्प बसलीस?

तर म्हणाली, "बाबा कुठे असतात, असं बाईंनी विचारलं असतं. घरमालकीण काकूंना तू काय सांगितलंयस, ते मला नीट आठवेना."

मी सांगितलंय, मिस्टर दुबईला असतात. का सांगितलं? एकट्या बाईला खोली देतील की नाही, या भीतीनं. आणि आठ वर्षांची पोर ते पाठ करत बसली!

डबा घासून पालथा घातलाय. नाव तेवढं दिसतंय.

काकू खाली पायरीवर मेथी निवडत बसल्यात. खोली सोडा म्हणतील कदाचित. म्हणोत. आत्ताच जाते, आणि ओवीला बरोबर नेते. तिच्यासमोरच खरं सांगितलं, की तिला काही पाठ ठेवावं लागणार नाही.