टायपिंगच्या खोलीबाहेरचा बाक

आये, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज दुपारी भाजी निवडताना मला तुझा तो बाकावर बसलेला चेहरा दिसला. तुला वाचता येत नव्हतं. तेव्हा पत्र पाठवलं असतं, तर तू ते पोस्टमनकडून नाहीतर शेजारच्या तात्यांकडून वाचून घेतलं असतंस, म्हणून हे कधी लिहिलं नाही. आता कुणी वाचून दाखवणारंही उरलं नाही.

मी विद्यापीठात टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा तू गावभर सांगितलंस, पोरगी कालिजात शिकवती. मी दर सुट्टीला सांगायची, शिकवत नाही गं, दुसऱ्यानं लिहिलेलं टाईप करते. तू म्हणायचीस, "एकच की ते." एकच नव्हतं. दगडी इमारतीच्या मागच्या बाजूला आमची लांबट खोली होती, खिडकीबाहेर वडाचं झाड. दिवसभर परिपत्रकं यायची. प्रती काढायच्या मेणकागदाच्या स्टेन्सिलवर ती टाईप करायची, चुकलं की लाल पातळ औषधाचा ठिपका लावायचा, वाळेपर्यंत फुंकर मारायची. मजकूर इंग्रजी, अर्थ अर्धामुर्धा कळायचा. नंतर नंतर तो शोधायचंही मी सोडून दिलं. बोटं चालायची आणि मी खिडकीबाहेर असायची. लोकांना वाटायचं, विद्यापीठ म्हणजे विद्वान माणसं. ती असतीलही. आमच्याकडे फक्त त्यांच्या सह्या यायच्या.

तू आलीस त्या दिवशी ऊन चांगलंच तापलं होतं. पौडच्या स्टँडवरून पहिली एसटी धरलीस आणि पुढे विचारत विचारत विद्यापीठापर्यंत चालत आलीस. माणच्या एका घरची माणसं दुसऱ्या दिवशी मला बघायला येणार होती. बागायत होती, मुलगा एकुलता होता, आणि नोकरी सोडायची हे त्यांनी आधीच कळवलं होतं. तू मला न्यायला आली होतीस. शिपायानं तुला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं, पाणी दिलं. दार उघडंच असायचं. मी मान वर केली की तू दिसायचीस, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, पाय बाकावर घेऊन बसलेली.

दुपारी तू दारातूनच विचारलंस, "काय लिवतीस एवढं?"

"कॉलेजांना पाठवायचं असतं."

"ते वाचत्यात का?"

मी म्हटलं, माहीत नाही. शेजारच्या टेबलावरची बाई हसली. तू हसली नाहीस.

आणि मग आमच्या खोलीचे साहेब आले. सकाळच्या परिपत्रकात परीक्षेच्या अर्जाची शेवटची तारीख मी चुकीची मारली होती. छापून झालेले गठ्ठे त्यांनी माझ्या टेबलावर आपटले. "बाई, तुमचं लक्ष कुठं असतं? हे असंच बाहेर गेलं असतं, तर मी कुणाला तोंड दाखवलं असतं? तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा." सगळी मशीनं थांबली होती. मी नवीन स्टेन्सिल लावली आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. लाज वाटली, राग आला, असं काही आठवत नाही. तू बघते आहेस एवढंच कळत होतं. मला वाटलं, बरं झालं, आता हिलाही पटेल की पोरगी शिकवत नाही.

संध्याकाळी आपण स्टँडवर उभ्या आहोत. एसटी लागली आहे, कंडक्टर ओरडतो आहे.  तू एकदम म्हणतेस, "लई रागावला त्यो मानूस."

"चुकलं होतं माझं."

"व्हय. पर खुरचीत बसवून बोलला. उभी न्हाई केली, हात न्हाई उगारला. आन इतका रागावला तरी तुमी तुमीच म्हणत हुता." तू माझ्याकडे न बघता पदराची कड तोंडाला लावलीस. "तुजा बा..." म्हणालीस आणि तिथंच थांबलीस. बाला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. "तू हितंच ऱ्हा. त्यास्नी मी सांगते, आमाला पोरगी द्यायची न्हाई."

आणि तू गाडीत चढलीस. त्या लोकांनी तुला काय काय ऐकवलं, ते मला फार उशिरा मामीकडून कळलं. माझं लग्न पुढे झालं नाही. त्याच खोलीत मी मुख्य टायपिस्टच्या मोठ्या टेबलावर गेले, मग साहेबांच्या जागेवर बसले. नव्या मुली आल्या, त्यांनाही मी तुम्हीच म्हणायची. तू गेल्याचा निरोप आला तेव्हा टेबलावर परिपत्रक होतं, ते पुरं करून उठले. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी हार घातला, मी पेढे वाटले, घरी येऊन भात टाकला.

तुला एकच सांगायचं राहिलं, आये. त्या सकाळी ऑफिसला येण्याआधी मी राहायची त्या मावशीच्या खोलीवर मी माझी वळकटी बांधून ठेवली होती. मावशीला सांगून निघाले होते की वळकटी मागाहून मागवून घेईन, आता मी परत येत नाही. तुला गाडीत बसवून आले, गाठी सोडल्या, अंथरूण घातलं. तू नुसतं चल म्हणाली असतीस, तर मी आले असते.